डोमेन 'अव्हेलेबल' आहे म्हणजे नाव तुमचं झालं का? डॉट ॲमेझॉन आणि डॉट राम यांची गोष्ट



"सर, नाव चेक केलं. डोमेन अव्हेलेबल दाखवतंय. घेऊन टाकू का?" आपल्या बॅचमध्ये दर वेळी कुणी ना कुणी हा प्रश्न विचारतंच. माझं उत्तर ठरलेलं आहे: थांबा. अव्हेलेबल म्हणजे एवढंच, की अजून त्याचे पैसे कुणी भरलेले नाहीत. त्या नावावर दुसऱ्या कुणाचा हक्क किंवा भावना आहे का, हे ती वेबसाइट तुम्हाला सांगत नाही.

व्हिडिओमध्ये हा मुद्दा दोन मिनिटांत उरकला होता. आज तो नीट समजून घेऊ, आणि तोही मोठ्या कंपन्यांच्या उदाहरणांवरून. त्यांच्याकडे पैसा होता, वकील होते, वर्षानुवर्षं वापरलेला ब्रँड होता. तरीही त्यांचं नाव अडलं, कारण वेगवेगळ्या देशांच्या सरकारांनी हरकत घेतली. त्यात आपलं भारत सरकारही होतं.

आधी बेसिक: एक्स्टेन्शन कोण ठरवतं?

वेबसाइटच्या पत्त्यात शेवटच्या डॉटनंतर जे येतं ते एक्स्टेन्शन. डॉट कॉम, डॉट इन, डॉट ऑर्ग वगैरे. आपण छोटे व्यावसायिक या डॉटच्या आधीचं नाव विकत घेतो. एक्स्टेन्शन मात्र आपलं नसतं. डॉट इनचा कारभार निक्सी ही भारतातली संस्था बघते. जगभरच्या एक्स्टेन्शनची व्यवस्था लावणारी संस्था म्हणजे आयकॅन. तिचं मुख्य ऑफिस अमेरिकेत, कॅलिफोर्नियात आहे.

२०१२ मध्ये आयकॅनने नवीन एक्स्टेन्शनसाठी कंपन्या आणि संस्थांकडून अर्ज घ्यायला सुरुवात केली. म्हणजे डॉटच्या आधीचं नाव नाही, डॉटच्या नंतरचाच शब्द आपला! एका अर्जाची फी होती १ लाख ८५ हजार डॉलर, तेव्हाच्या भावाने साधारण एक कोटी रुपये. तरी १,९३० अर्ज आले. कुणी स्वतःच्या ब्रँडसाठी अर्ज केला, कुणी डॉट शॉप, डॉट वाइन असे सर्वसाधारण शब्द मागितले, कुणी शहरांची नावं.

सरकारं मध्ये कुठून आली?

आयकॅन कुठल्याही एका सरकारचं खातं नाही. पण तिच्या रचनेत देशोदेशीच्या सरकारी प्रतिनिधींची एक सल्लागार समिती आहे. तिचं काम सल्ला देणं, अंतिम निर्णय आयकॅनच्या संचालक मंडळाचा. पण सल्ला एकमताने आला, तर तो बाजूला सारणं मंडळाला फार अवघड जातं.

या समितीकडे दोन टप्पे होते.

पहिला टप्पा 'आगाऊ इशारा'. कुठलंही एक सरकार अर्जदाराला सांगू शकत होतं, की तुमच्या या नावाबद्दल आम्हाला काळजी वाटते. नोव्हेंबर २०१२ मध्ये असे २४२ इशारे एकदम जाहीर झाले. त्यातले १२९ एकट्या ऑस्ट्रेलियाचे होते. इशारा मिळालेल्या अर्जदाराने २१ दिवसांत माघार घेतली, तर फीचा ८० टक्के भाग परत मिळणार होता. हा मुद्दा लक्षात ठेवा, शेवटी पुन्हा लागेल.

दुसरा टप्पा समितीचा औपचारिक सल्ला. सगळ्या सरकारांचं एकमत झालं, तर "हा अर्ज पुढे नेऊ नका" असं थेट कळवता येत होतं. एकमत झालं नाही, तर काही देशांच्या चिंता कळवून निर्णय मंडळावर सोडायचा.

आता केस बघू.

केस १: डॉट पॅटागोनिया. ब्रँड जुना, पण जागा त्याहून जुनी

पॅटागोनिया ही कॅलिफोर्नियातली कपड्यांची कंपनी. गिर्यारोहक, ट्रेकर लोकांत तिचं मोठं नाव आहे. १९७३ पासूनचा ब्रँड. त्यांनी डॉट पॅटागोनियासाठी अर्ज केला.

पण पॅटागोनिया हा दक्षिण अमेरिकेच्या टोकाचा एक भलामोठा प्रदेश आहे, काही अर्जेंटिनात, काही चिलीत. दोन्ही देशांनी विरोध केला. आमच्या प्रदेशाचं नाव इंटरनेटवर एका खासगी कंपनीच्या ताब्यात का द्यायचं, हा त्यांचा प्रश्न होता.

यातली खरी गोम ऐका. आयकॅनच्या नियमांत राज्यांची, राजधान्यांची नावं संरक्षित होती. ती हवी असतील तर संबंधित सरकारची परवानगी लागायची. पॅटागोनिया त्या याद्यांमध्ये नव्हतंच. म्हणजे अर्ज नियमात बसत होता. तरी कंपनीने जुलै २०१३ मध्ये अर्ज मागे घेतला. कपड्यांचा धंदा त्यांचा आजही जोरात चालू आहे, पण एक्स्टेन्शन मिळालं नाही.

शिकायचं काय? नियमात बसणं ही पहिली पायरी आहे. त्याच्या पुढेही पायऱ्या असतात.

केस २: डॉट ॲमेझॉन. शेवटी मिळालं, पण आठ वर्षांनी

ॲमेझॉन कंपनीनेही २०१२ मध्येच अर्ज केला. ब्राझील आणि पेरूने आगाऊ इशारा दिला. ॲमेझॉन ही नदी आहे, जंगल आहे, तिथे लाखो लोक राहतात, असं त्यांचं म्हणणं. त्या खोऱ्यातल्या आठ देशांची एक संघटना आहे, तीही या वादात उतरली. कंपनीचं म्हणणं असं, की हे आमचं जगभर नोंदलेलं नाव आहे, नियमाच्या कुठल्याही यादीत हा शब्द नाही, मग अडचण काय?

सरकारी समितीत सुरुवातीला एकमत होत नव्हतं, कारण अमेरिका तयार नव्हती. जुलै २०१३ मध्ये अमेरिकेने तटस्थ राहायचं ठरवलं, आणि समितीचा सल्ला एकमताने विरोधात गेला. मे २०१४ मध्ये आयकॅनने अर्ज थांबवला.

कंपनी गप्प बसली नाही. २०१६ मध्ये तिने आयकॅनच्याच नियमांनुसार स्वतंत्र लवादाकडे दाद मागितली. जुलै २०१७ मध्ये तिघांपैकी दोघांच्या मताने निकाल कंपनीच्या बाजूने लागला. लवादाचं म्हणणं साध्या भाषेत असं: सरकारं नको म्हणाली एवढ्यावर थांबू नका, त्यामागे जनहिताचं सबळ कारण आहे का, हे मंडळाने स्वतः तपासायला हवं होतं.

मग वाटाघाटी सुरू झाल्या. त्या प्रदेशाच्या संस्कृतीशी जोडलेली काही नावं आम्ही वापरणार नाही, काही त्या देशांसाठी राखून ठेवू, अशी तयारी कंपनीने दाखवली. आठ देशांची पूर्ण संमती शेवटपर्यंत मिळाली नाही. तरी मे २०१९ मध्ये आयकॅनने हिरवा कंदील दाखवला आणि २०२० मध्ये डॉट ॲमेझॉन सुरू झालं.

आता हिशोब करा. २०१२ ते २०२०, आठ वर्षं. एवढी मोठी कंपनी तेवढा वेळ आणि वकिलांची फी सोसू शकते. आपण दुकानाच्या पाटीसाठी आठ महिनेसुद्धा थांबू शकत नाही. कायद्याने जिंकणं आणि धंद्याला परवडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

केस ३: डॉट राम आणि डॉट इंडियन्स. इथे हरकत आपली होती

अमेरिकेतल्या क्रायस्लर या गाड्या बनवणाऱ्या कंपनीचा 'रॅम' नावाचा ट्रकचा ब्रँड आहे. इंग्रजीत रॅम म्हणजे मेंढा. पण इंग्रजी स्पेलिंग तेच, जे आपण 'राम' लिहिताना वापरतो. कंपनीच्या डोक्यात ट्रक होता. भारत सरकारने हरकत घेतली, कारण कोट्यवधी लोकांसाठी ते देवाचं नाव आहे.

दुसरा अर्ज होता डॉट इंडियन्स, आपल्याच रिलायन्स इंडस्ट्रीजचा. मुंबई इंडियन्स ही टीम कुणाची हे तुम्हाला माहीत आहेच. पण 'इंडियन्स' म्हणजे आपण सगळेच की! भारत सरकारने इथेही हरकत घेतली.

जुलै २०१३ च्या बैठकीत समितीने हे दोन अर्ज पुढे नेऊ नयेत अशी भारताची चिंता असल्याची नोंद घेतली. ॲमेझॉनसारखं एकमत झालं नव्हतं, नुसती नोंद होती. पण आजच्या अधिकृत यादीत डॉट राम नाही आणि डॉट इंडियन्सही नाही. त्याच यादीत डॉट रिलायन्स मात्र आहे. क्रायस्लरने मागितलेलं डॉट जीपही आहे.

हा फरक वहीत लिहून ठेवा. कंपनी तीच, अर्जाची पद्धत तीच, फीसुद्धा तीच. जे नाव ठळकपणे त्यांचं स्वतःचं होतं ते मिळालं. जे नाव लाखो-करोडो लोकांना आपलं वाटतं ते अडकलं.

केस ४: डॉट वाइन. शब्दाला नाही, त्यामागच्या मालाला हरकत

डॉट वाइन आणि डॉट व्हिन यांना फ्रान्स आणि युरोपीय संघाने विरोध केला. 'व्हिन' म्हणजे फ्रेंचमध्ये वाइनच. या शब्दांशी त्यांचं भांडण नव्हतं. भीती अशी होती, की उद्या कुणीही 'शँपेन डॉट वाइन' घेईल आणि भलताच माल विकेल. शँपेन हे फ्रान्समधल्या एका भागाचं नाव आहे आणि तिथल्या वाइनलाच ते लावता येतं, असं युरोपचा कायदा म्हणतो. अमेरिका आणि ऑस्ट्रेलियाला युरोपची ही भूमिका मान्य नव्हती, म्हणून समितीत एकमत झालं नाही. शेवटी २०१५ मध्ये युरोपातल्या वाइन उत्पादकांच्या संघटना आणि अर्जदार कंपनी यांच्यात समझोता झाला आणि एक्स्टेन्शन सुरू झालं.

हे फार लांबचं वाटतंय? आपल्याकडे हापूस, पैठणी, कोल्हापुरी चप्पल, नाशिक व्हॅली वाइन या सगळ्यांना भौगोलिक मानांकन आहे, ज्याला आपण जीआय टॅग म्हणतो. हापूसचा टॅग रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांतल्या आंब्याला आहे. दुसरीकडचा आंबा आणून 'हापूस' नावाची वेबसाइट चालवली, तर डोमेन तुमच्या नावावर असूनही तुम्ही अडचणीत याल.

केस ५: डॉट आर्मी, डॉट बँक. विश्वासाचे शब्द

डॉट आर्मी, डॉट नेव्ही, डॉट एअरफोर्स यांनाही भारताने इशारा दिला होता. ही एक्स्टेन्शन्स शेवटी सुरू झाली, पण सरकारी समितीने बजावलं, की आपला सैन्याशी संबंध आहे असा खोटा भास कुणी निर्माण करणार नाही याची सोय हवी. पैसा आणि आरोग्य या क्षेत्रांतल्या शब्दांसाठीही जास्तीची काळजी मागितली. आज डॉट बँक हे एक्स्टेन्शन पडताळणीशिवाय मिळत नाही.

आपल्या रिझर्व्ह बँकेनेही हाच विचार पुढे नेला. २०२५ मध्ये तिने भारतातल्या बँकांना 'डॉट बँक डॉट इन'वर यायला सांगितलं आणि त्यासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ ची मुदत दिली. ग्राहकाने पत्ता बघितला की खरी बँक आणि फसवणारी साइट यातला फरक कळावा, हा हेतू.

सगळ्या केसेसमधून निघणारे चार प्रश्न

सरकारांच्या हरकती नीट बघितल्या, तर त्या चार प्रश्नांभोवती फिरतात. हेच चार प्रश्न तुमच्या नावाला विचारा.

१. हे एखाद्या जागेचं नाव आहे का? तिथले लोक उद्या काय म्हणतील?

२. हे देवाचं, धर्मग्रंथाचं, महापुरुषाचं किंवा एखाद्या समाजाचं नाव आहे का?

३. या नावामुळे मालाबद्दल काही वचन दिलं जातंय का? ते वचन आपण खरंच पाळतोय का?

४. या नावामुळे आपण सरकारी किंवा परवानाधारक आहोत असं वाटतंय का?

एकाचंही उत्तर 'हो' आलं म्हणजे नाव बाद, असं अजिबात नाही. डॉट वाइन मिळालंच की. डॉट आफ्रिकाचंही बघा. एका संपूर्ण खंडाचं नाव, दोन अर्जदार, वर्षानुवर्षं भांडण. आफ्रिकी देशांच्या संघटनेचा पाठिंबा ज्या संस्थेला होता, तिच्याकडेच शेवटी ते गेलं आणि २०१७ मध्ये सुरू झालं. उत्तर 'हो' आलं की काम वाढतं, एवढाच अर्थ. ते काम पाटी रंगवण्याआधी करायचं.

आणि सरकार म्हणालं म्हणजे बरोबरच, असंही नाही. ॲमेझॉनच्या लवादाने तेच सांगितलं. पण हरकत चुकीची असली, तरी ती निस्तरण्याचा खर्च तुमच्याच खिशातून जातो.

आपल्या धंद्यात हे कुठे लागू होतं?

तुम्ही म्हणाल, आम्ही कुठे कोटी रुपये भरून एक्स्टेन्शन घेणार आहोत? बरोबर आहे. (नव्या एक्स्टेन्शनसाठी आयकॅनने पुढची फेरी एप्रिल २०२६ पासून जाहीर केली आहे, फी २ लाख २७ हजार डॉलर. आपला विषय नाही!) पण हीच तत्त्वं भारतातल्या कायद्यात आहेत आणि ती किराणा दुकानालाही लागू होतात.

देवाधर्माचं नाव: 'रामायण' हे नाव अगरबत्तीसाठी ट्रेडमार्क म्हणून हवं, असं एक प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. २०१५ मध्ये कोर्टाने सांगितलं, की धर्मग्रंथाचं नाव कुणा एकाला आपल्या मालकीचं म्हणून मागता येणार नाही. मात्र पुढे-मागे वेगळा शब्द जोडून ते वेगळं ओळखू आलं, तर विचार होऊ शकतो.

महापुरुषांचं नाव: १९५० चा बोधचिन्हे आणि नावे यांच्या गैरवापराला प्रतिबंध करणारा कायदा आहे. त्याच्या यादीत छत्रपती शिवाजी महाराज आणि महात्मा गांधी यांची नावं आणि चित्रं आहेत. केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय ती धंद्यासाठी वापरता येत नाहीत. आजूबाजूला पाट्या दिसतात म्हणून चालतं, असं समजू नका.

जागेचं नाव: फक्त गावाचं नाव आणि मालाचं नाव एवढ्यावर ट्रेडमार्क सहसा मिळत नाही. नाव वापरता येईल, पण शेजारच्याला अडवता येणार नाही. मग मेहनत करून ब्रँड उभा करायचा तुम्ही आणि फायदा सगळ्यांचा!

सरकारी वाटणारं नाव: कंपनी नोंदवताना 'नॅशनल', 'बोर्ड', 'अथॉरिटी' अशा शब्दांना केंद्र सरकारची पूर्वपरवानगी लागते. 'बँक', 'इन्शुरन्स' असेल तर त्या क्षेत्राच्या नियामकाची मंजुरी दाखवावी लागते. 'खादी' हा तर खादी आणि ग्रामोद्योग आयोगाचा ट्रेडमार्क आहे आणि आयोग त्यासाठी कोर्टात जातो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: डोमेन आधी घेतलं म्हणून सुटका होत नाही. २००४ मध्ये सत्यम इन्फोवे विरुद्ध सिफीनेट या खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं, की डोमेन नावालाही ट्रेडमार्कसारखंच संरक्षण मिळतं. 'सिफी' नाव आधीपासून वापरणाऱ्या कंपनीच्या बाजूने निकाल लागला. समोरच्याच्या नावावर डोमेन रीतसर नोंदलेलं होतं, तरीसुद्धा! डॉट इनच्या वादांसाठी निक्सीची वेगळी लवाद पद्धत आहे. तिथे कागद बघून डोमेन दुसऱ्याकडे सोपवलं जाऊ शकतं.

नाव पक्कं करण्याआधीची चेकलिस्ट

१. एक नाही, तीन नावं काढा. एकाच नावावर जीव जडला की आपण त्यातले दोष बघत नाही.

२. प्रत्येक नावाला वरचे चार प्रश्न विचारा. उत्तर तोंडी नको, कागदावर लिहा.

३. नाव मराठीत आणि इंग्रजी स्पेलिंगमध्ये, दोन्ही प्रकारे वाचून बघा. 'रॅम'चा 'राम' कसा झाला ते आठवा. डॉट भारत हे देवनागरी एक्स्टेन्शनही २०१४ पासून आहे, त्यामुळे मराठी लिपीतलं डोमेन घ्यायचा पर्यायही आहे.

४. ट्रेडमार्कच्या सरकारी वेबसाइटवर शोध घ्या. तो फुकट आहे. नुसतं तंतोतंत तेच नाव नको, उच्चाराला सारखी वाटणारी नावंही बघा.

५. कंपनी किंवा एलएलपी करणार असाल तर कंपनी मंत्रालयाच्या साइटवर नाव तपासा. खाद्यपदार्थ, कापड, हस्तकला असेल तर जीआय टॅगची यादीसुद्धा बघा.

६. मगच डोमेन घ्या. डॉट इन आणि डॉट कॉम दोन्ही मिळालं तर उत्तम. त्याच आठवड्यात ट्रेडमार्कचा अर्ज टाका.

७. पाटी, पिशव्या, लेबल, बिलबुक हे सगळं यानंतर.

आता ते २१ दिवस आणि ८० टक्के आठवा. २०१२ मध्ये इशारा मिळाल्यावर लगेच माघार घेणाऱ्याला १ लाख ४८ हजार डॉलर परत मिळत होते. जितका उशीर, तितकी परत मिळणारी रक्कम कमी. आपलंही गणित तसंच आहे. कागदावरचं नाव बदलायला खर्च शून्य. डोमेन घेतल्यावर बदललं तर काही शे रुपये गेले. पाटी आणि पॅकिंग छापल्यावर बदललं तर हजारो. आणि ग्राहकांच्या तोंडी नाव बसल्यावर नोटीस आली, तर त्या नुकसानीचा आकडा काढताच येत नाही.

गृहपाठ

तुमच्या डोक्यातली तीन नावं वहीत लिहा. प्रत्येकासमोर चार प्रश्नांची हो-नाही उत्तरं आणि ट्रेडमार्कच्या शोधात काय सापडलं ते लिहा. कमेंटमध्ये नाव उघड करू नका, कारण दुसरा कुणी आधी घेऊन टाकेल! फक्त एवढं लिहा, की तीनपैकी किती नावं चाळणीतून पार झाली आणि कुठल्या प्रश्नावर अडली. ज्या प्रश्नावर जास्त जण अडतील, त्यावर पुढचा व्हिडिओ करतो. नोटीस आधीच आली असेल तर मात्र कमेंटची वाट बघू नका, त्यातली मुदत वाचा आणि ट्रेडमार्कचं काम करणाऱ्या वकिलाला गाठा.

भेटू पुढच्या धड्यात. तोपर्यंत पाटी रंगवणाऱ्याला जरा थांबायला सांगा!